जमिनीखालचे दप्तर

निजामी अमदानीत मराठवाड्यातल्या एखाद्या कुणब्याला स्वतःच्याच जमिनीची सरकारी नोंद पाहायची झाली, तर त्याला तहसिलीची पायरी चढावी लागे. अर्ज, फी आणि तिष्ठणे हे तिन्ही सोपस्कार उरकल्यावर कारकून रुमालाची गाठ सोडी, कागद उलगडी, आणि त्यावरचा मजकूर उर्दूत असल्यामुळे त्याचा अर्थ पुन्हा कोणा जाणकाराच्या तोंडून मराठीत समजून घ्यावा लागे. एवढा खटाटोप असूनही त्या दप्तराची मातब्बरी कोणी कधी नाकारली नाही. निजामी अमदानी सरल्यावर १९५४-५५ साली झालेल्या खासरा पाहणीचे उतारेही मराठवाड्यातले वकील आजही कज्ज्यांत पुरावा म्हणून पुढे करतात; क्षेत्र किती, चतुःसीमा कोणत्या, कब्जा कोणाचा, हे ज्या कागदावर लिहिले त्याचे मोल पिढ्या उलटल्या तरी उतरत नाही. परंतु या साऱ्या दप्तराला एक मर्यादा होती, ती म्हणजे ते जमिनीच्या पृष्ठभागापाशी येऊन थांबे. शेतात विहीर आहे की नाही एवढे कागदावरून कळे. त्या विहिरीच्या पाण्यात काय विरघळले आहे, तिच्या तळाशी कोणता पाषाण आहे, आणि त्या पाषाणाच्याही खाली काही हालचाल चालली आहे काय, या प्रश्नांसाठी कोणत्याच कागदावर रकाना नव्हता.

हे रकाने भरण्याचे काम ज्या थोड्या ठिकाणी चालते त्यांपैकी एक ठिकाण नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, गोदावरीच्या काठी, विष्णुपुरीस आहे. एका बाजूस काळेश्वराचे प्राचीन देवालय आणि शंकरराव चव्हाणांच्या काळात उभा राहिलेला जलाशय, तर दुसऱ्या बाजूस स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे विस्तीर्ण आवार, असा या गावचा आजचा नकाशा आहे. १७ सप्टेंबर १९९४ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिदिनाच्या मुहूर्तावर, हे विद्यापीठ स्थापन झाले. तोपर्यंत नांदेड, लातूर आणि परभणी या जिल्ह्यांतली महाविद्यालये १९५८ साली औरंगाबादेस निघालेल्या मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत होती. पुढे परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला आणि नव्या विद्यापीठाचे जिल्हे चार झाले. ज्यांचे नाव या संस्थेला दिले ते स्वामीजी हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचे सेनानी म्हणून सर्वश्रुत आहेत. पण त्याआधी ते हिप्परग्याच्या आणि अंबाजोगाईच्या राष्ट्रीय शाळांतले शिक्षक होते. १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले तेही त्यांच्याच प्रेरणेने. ज्या प्रांतात पदवीचे शिक्षण घ्यायचे तर गाव सोडण्याखेरीज गत्यंतर नव्हते, त्या प्रांताने अर्धशतकाच्या आत आपल्या मातीवर संशोधनशाळा उभ्या केल्या, ही गोष्ट लहान नव्हे.

विद्यापीठात विभागांना 'संकुल' म्हणतात. भूशास्त्र, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि गणित अशी निसर्गविज्ञानाची संकुले येथे आहेत. त्यांतल्या कामाकडे पाहताना डोळे दिपवणाऱ्या प्रचंड यंत्रांची अपेक्षा वाचकाने बाळगू नये. येथे पुष्कळशा शोधाची सुरुवात एका बाटलीपासून किंवा काचपात्रापासून होते.

आधी बाटलीचीच गोष्ट पाहू. भूजलाचा अभ्यासक गावात जातो तेव्हा त्याच्याजवळ प्लास्टिकच्या स्वच्छ बाटल्या असतात. विहिरीचे किंवा बोअरचे साचून राहिलेले पाणी प्रथम थोडा वेळ वाहू द्यायचे. मग त्याच पाण्याने बाटली दोनतीनदा विसळायची, आत हवेचा बुडबुडा न राहील अशी ती काठोकाठ भरायची, आणि बूच घट्ट लावून वर गावाचे नाव, ठिकाण, खोली व तारीख लिहायची. सामू आणि विद्युतवाहकता या दोन गोष्टी तेथल्या तेथे मोजतात, कारण प्रवासात त्या पालटतात. उरलेले काम प्रयोगशाळेत होते. पाण्याचा जडपणा मोजताना चंचुपात्रात रंगद्रव्याची चिमूट टाकली की पाणी डाळिंबी होते. वरच्या ब्यूरेटमधून अभिकर्मक थेंबाथेंबाने सोडीत गेले की एका विशिष्ट थेंबाला तो डाळिंबी रंग एकाएकी निळा होतो, आणि त्या क्षणी तोटी बंद करून आकडा वाचायचा असतो. एक थेंब जास्त पडला तर नोंद चुकली. म्हणून तेच मापन पुन्हा, आणि पुन्हा. हीच सारी क्रिया पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा करावी लागते, कारण उन्हाळ्यात तळ गाठलेले पाणी आणि दिवाळीच्या सुमाराचे भरलेले पाणी ही एकाच विहिरीतली दोन वेगळी पाणी असतात.

या विद्यापीठातील डॉ. दीपक पानसकर आणि त्यांचे सहकारी यांनी नांदेड तालुक्यातील भूजलाचा असा अभ्यास करून त्याचे निष्कर्ष २०१६ साली 'अरेबियन जर्नल ऑफ जिओसायन्सेस' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. पाणी पिण्यास, शेतीस आणि कारखान्यास कितपत योग्य आहे हे त्यांनी संख्याशास्त्राच्या व संगणकीय नकाशांच्या साहाय्याने पडताळले. पुढे २०१९ मध्ये याच गटाने 'इकॉलॉजिकल इंडिकेटर्स' या नियतकालिकातून पिण्याच्या पाण्यासाठी एक नवा एकत्रित निर्देशांक मांडला. बाटलीच्या तपासणीतून डझनभर आकडे निघतात, आणि त्यांतला एक बरा तर दुसरा वाईट असल्यास पाणी प्यावे की न प्यावे हा सामान्य माणसाचा साधा प्रश्न अनुत्तरित राहतो. त्या आकड्यांचा मेळ घालून एकच अंक काढणे हा या निर्देशांकाचा हेतू आहे.

नांदेड जिल्ह्यात या प्रश्नाला विशेष धार येते, ती येथील भूरचनेमुळे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळलेल्या लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचे काळ्या पाषाणाचे पठार झाले; त्या पठाराची पूर्वेकडची किनार नांदेड जिल्ह्यातच विरत जाते, आणि देगलूर, बिलोली, किनवट या बाजूंना त्याच्या खालचा, दोनशे कोटी वर्षांहूनही जुना ग्रॅनाइट उघडा पडतो. देगलूरच्या रस्त्याने जाणाऱ्याला काळे माळ संपून गोलसर, तांबूस-करडे धोंडे एकावर एक रचल्यासारखे दिसू लागतात, ते याच सीमोल्लंघनाचे चिन्ह होय. ग्रॅनाइटच्या काही खनिजांत फ्लोरिन असते. पाणी अशा खडकाच्या भेगांत दीर्घकाळ मुरत राहिले, त्यातला चुना कमी होऊन ते अल्कधर्मी झाले, की फ्लोराइड त्यात सुटत जाते. भारतीय मानकाप्रमाणे लिटरभर पाण्यात १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड इष्ट, आणि दुसरा पाणवठाच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत क्षम्य मानतात. या दोहोंतले अंतर अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे बारीक मिठाचे आठदहा कण. एवढ्याशा फरकावर मुलांच्या दातांवरचे तपकिरी पट्टे आणि उतारवयातले आखडलेले सांधे अवलंबून असतात. त्यात विपरीत असे की दुष्काळात उथळ विहिरी आटल्यावर माणूस बोअर अधिकाधिक खोल नेतो, आणि खडकाच्या संगतीत अधिक काळ राहिलेले तेच खोल पाणी अधिक फ्लोराइड घेऊन वर येण्याचा संभव असतो. डोळ्यांना नितळ दिसणारे, जिभेला गोड लागणारे पाणी दगा देऊ शकते. येथे बाटलीवरची चिठ्ठी हीच खरी साक्षीदार.

पाण्याच्या खाली पाषाण, आणि पाषाणाच्या खाली काय, हा प्रश्न मराठवाड्याला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे पडला. अनंतचतुर्दशीची मिरवणूक आटोपून गावे नुकती कुठे निजली होती. ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला, आणि मातीत रचलेल्या दगडी भिंतींवरची जड माळवदे झोपलेल्यांवर कोसळून लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत दहा हजारांच्या आसपास माणसे दगावली. भूकंपाची तीव्रता ६.२ होती. जगात याहून प्रबळ भूकंप होऊनही इतका संहार होत नाही. पण हा धक्का अतिशय उथळ होता, आणि तो अशा भूमीवर झाला की जी तोवर देशाच्या भूकंप-नकाशावर सर्वांत निर्धोक पट्ट्यात गणली जात होती. आदल्या वर्षी, १९९२ च्या पावसाळ्यानंतर, याच भागात लहान धक्के बसत होते. तथापि त्यांचा अर्थ लावायला पूर्वीची नोंद हाताशी नव्हती. ज्या प्रदेशाचे दप्तर कोरे असते तो प्रदेश शांत समजला जातो, हा किल्लारीने शिकवलेला कटू धडा आहे. भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेने तेथे ६१७ मीटर खोल छिद्र घेतले, तेव्हा ३३८ मीटरांवर काळा पाषाण संपला, त्याखाली गाळाचा ८ मीटरांचा पातळ थर लागला, आणि मग प्राचीन आधारशिला आली. लक्षावधी माणसे ज्या पठारावर वसली त्याची जाडी त्या ठिकाणी एका डोंगराच्या उंचीएवढीही नाही, हे पहिल्यांदा असे मोजून कळले.

या घटनेला वर्ष पुरे होत असतानाच विद्यापीठ जन्मास आले, त्यामुळे भूकंपाची नोंद ठेवणे हे त्याचे जणू जन्मदत्त कर्तव्य ठरले. २००६ च्या अखेरीपासून पुढे काही वर्षे खुद्द नांदेड शहरात लहान लहान धक्क्यांची मालिका चालली. धक्का किरकोळ, पण आवाज मात्र सुरुंग उडाल्यासारखा, अशा विचित्र अनुभवाने लोक घरे सोडून रस्त्यावर येत. त्याचे कारण शास्त्रज्ञांनी उलगडले ते असे: भूकंपाचा उगम जमिनीच्या अगदी जवळ असला की त्याच्या द्रुत कंपनलहरी वाटेत विझून न जाता पृष्ठभागापर्यंत पोहोचतात, हवेला ढकलतात, आणि कानाला गडगडाट ऐकू येतो. म्हणजे आवाज मोठा याचा अर्थ भूकंप मोठा असा नव्हे. उगम उथळ आहे एवढेच त्यावरून समजते. अलीकडे हिंगोली जिल्ह्यात कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ या तालुक्यांतून असेच आवाज वरचेवर ऐकू येतात. वसमत तालुक्यातले पांगरा शिंदे हे गाव तर त्यासाठी वर्तमानपत्रांतून गाजले आहे. २१ मार्च २०२४ रोजी पहाटे सहाच्या सुमारास ४.५ तीव्रतेचा धक्का बसून नांदेड, परभणी आणि हिंगोली हे तिन्ही जिल्हे जागे झाले, आणि त्याच वर्षी १० जुलैला तेवढाच धक्का पुन्हा बसला. उद्याचा भूकंप कोणत्या दिवशी होईल हे जगातला कोणताही शास्त्रज्ञ सांगू शकत नाही. परंतु कोणती भेग जागी आहे, ती किती खोल आहे, आणि म्हणून कोणत्या गावांनी घराचे जोते, कोपरे व छप्पर कसे बांधावे, एवढे मात्र वर्षानुवर्षांच्या अखंड नोंदीवरून निश्चित सांगता येते.

भौतिकशास्त्र संकुलात गेल्यावर पाण्याचाच विषय पुन्हा भेटतो, पण आता विहिरीच्या नव्हे तर रेणूच्या मापाने. डॉ. अशोक कुंभारखाणे यांच्या गटाने येथे 'टाइम डोमेन रिफ्लेक्टोमेट्री' या पद्धतीने द्रवांचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. नाव भारदस्त असले तरी कल्पना आपल्या परिचयाची आहे. जुन्या बारवेच्या काठावर उभे राहून पोरे आत हाक मारतात आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून ती किती खोल, भरलेली की रिकामी, याचा अदमास बांधतात. तद्वत या प्रयोगात विजेचा अतिशय क्षणिक झटका एका केबलमधून द्रवात सोडतात, आणि परतलेल्या लहरीचा आकार किती बदलला यावरून द्रवाच्या रेणूंचा स्वभाव ओळखतात. पाण्याचा रेणू हा एका टोकाला किंचित धन आणि दुसऱ्या टोकाला किंचित ऋण भार असलेला असतो. विद्युतक्षेत्र लावले की तो वळतो, आणि काढले की पुन्हा विस्कळीत होतो. त्याला यासाठी लागणारा वेळ सेकंदाच्या एक लक्षकोटी भागांपैकी सुमारे ८ भाग इतका सूक्ष्म आहे. पाण्यात मद्यार्क मिसळला की हा काळ वाढतो, आणि तोही सरळ हिशेबाने वाढत नाही, कारण दोन्ही रेणू हायड्रोजनच्या बंधांनी एकमेकांचे हात धरतात. ५० मिलिलिटर पाणी आणि तेवढेच मद्यार्क एकत्र केले तर १०० न भरता सुमारे ९६-९७ मिलिलिटरच भरते, हे या हस्तांदोलनाचे कोणालाही करून पाहता येईल असे प्रमाण होय.

याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. विद्युतक्षेत्राला दाद देण्याची जी शक्ती हवेत १ आणि कोरड्या मातीत ३ ते ५ असते, ती पाण्यात ७८ च्या घरात आहे; त्यामुळे मातीत ओल थोडी जरी वाढली तरी तिचा आकडा झपाट्याने चढतो. याच तत्त्वावर जमिनीतली ओल मोजणारी उपकरणे जगभर वापरात आहेत. एका मूठभर काळ्या मातीत पाणी किती उरले हे आपला शेतकरी बोटांनी लाडू वळून पाहतो. रेणूचा अभ्यासक तेच काम आकड्यांत करतो.

त्याच संकुलात डॉ. राजाराम माने यांच्या नावाशी निगडित असलेले काम काचपात्रातले आहे. पातळ, म्हणजे केसाच्या जाडीच्या शतांशाहूनही कमी जाडीचे, धातूसंयुगांचे थर द्रावणातून काचेवर किंवा धातूवर बसवणे, आणि त्यांतून सौरघट, वायुसंवेदक किंवा वीजसाठवणीची साधने घडवणे हा त्यांचा विषय. यांतली एक रीत अशी की, काचेची पट्टी प्रथम एका क्षाराच्या द्रावणात बुडवायची, स्वच्छ पाण्यात विसळायची, मग दुसऱ्या द्रावणात बुडवायची आणि पुन्हा विसळायची. दर फेरीला दोहोंच्या संयोगाचा एकेक थर तिच्यावर चढत जातो. कधी काळी तलम कापडासाठी नावाजलेल्या नांदेडच्या माणसाला ही क्रिया परकी वाटू नये. रंगारी काय करीत असे? सूत आधी तुरटीत भिजवी, मग रंगाच्या हौदात बुडवी, कारण नुसता रंग सुतावर टिकत नाही. आधी बसलेल्या तुरटीला तो चिकटतो. येथे सुताच्या जागी काच आहे, आणि रंगाच्या जागी वीज धरून ठेवणारा पदार्थ. २०१७ साली डॉ. माने यांचा सहभाग असलेल्या भारतीय-कोरियन गटाने निकेलच्या सच्छिद्र फेसावर बिस्मथ ऑक्साइडची अतिसूक्ष्म फुले उगवून पेन्सिलीच्या आकाराचे एक वीजसंचयक 'डाल्टन ट्रान्झॅक्शन्स' या नियतकालिकातून सादर केले. बॅटरी रासायनिक क्रियेने सावकाश भरते व सावकाश रिकामी होते. असा संचयक मुख्यत्वे पृष्ठभागावर भार गोळा करीत असल्याने तो क्षणात भरतो आणि क्षणात देतो. म्हणूनच पृष्ठभाग जितका पाकळ्यापाकळ्यांचा तितका बरा. आणि भट्टी, निर्वात पंप यांवाचून, बेताच्या तपमानाला, काचपात्रात हे घडू शकते ही गोष्ट मर्यादित साधनांच्या विद्यापीठाला केवढी बळ देणारी आहे हे सांगावयास नको.

इतर संकुलांचा उल्लेख धावता करावा लागतो. गणिताचे अभ्यासक आइन्स्टाइनच्या समीकरणांतून विश्वाच्या प्रसरणाचे ताळे मांडतात. जीवशास्त्रज्ञांपुढे गोदावरीतले जलचर आणि किनवट-माहूरच्या सागवानी जंगलातल्या औषधी वनस्पती आहेत. औरंगाबादच्या प्रा. व्ही. एन. नाईक यांनी मराठवाड्यातल्या वनस्पतींची बृहत् सूची १९९८ साली ग्रंथरूपाने सिद्ध केली, तीही एका अर्थी खासरा पाहणीच होय; फरक इतकाच की तिच्यात कब्जेदार म्हणून माणसाऐवजी गवत, वेली आणि वृक्ष यांची नावे आहेत.

आता दप्तराच्या दृष्टान्ताचे एक अंग उरले, आणि तेच मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. जमिनीच्या दप्तराचा खरा आधार ते लिहिणाऱ्या कारकुनात नसून, ठराविक फी भरून कोणाही रयतेला त्याची नक्कल मागता येते या हक्कात असतो. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या नांदेड येथील कापूस संशोधन केंद्रातून गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात निघालेला संकरित वाण 'नांदेड-४४' या नावाने घरोघर पोहोचला. त्यामागचे आनुवंशशास्त्र कोणी वाचले नाही, परंतु बियाण्याची थैली हीच त्या संशोधनाची नक्कल होती आणि ती शेतकऱ्याच्या हातात पडली. बाटलीतल्या पाण्याला अशी थैली नाही. त्याचे उत्तर इंग्रजी नियतकालिकात छापले जाते, कारण आज जगाच्या विज्ञानाची कचेरी त्या भाषेत चालते. संशोधकाने तेथे लिहिणे योग्यच आहे, नाही तर त्याच्या कामाची पारख होणार नाही. पण उर्दूतला उतारा हाती धरून जाणकार शोधीत हिंडणाऱ्या त्या जुन्या कुणब्याची आणि आपल्याच विहिरीविषयीचा इंग्रजी निबंध वाचू न शकणाऱ्या आजच्या शेतकऱ्याची अवस्था यांत, भाषा बदलली एवढे सोडले तर, अंतर ते किती?

उपाय अवघड नाही. बाटलीवर गावाचे नाव आधीच लिहिलेले असते. तपासणी झाल्यावर तेच नाव एका पोस्टकार्डाएवढ्या कागदावर घालून त्याखाली मराठीत तीन ओळी लिहाव्यात: या विहिरीचे पाणी प्यावे की नाही, न प्यावे तर जवळची कोणती विहीर बरी, आणि पुढचा नमुना केव्हा घेतला जाईल. तो कागद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, सातबाराच्या आणि घरपट्टीच्या नोटिसांशेजारी लागला, म्हणजे जमिनीखालच्या दप्तराची पहिली नक्कल रयतेच्या हाती पडली असे म्हणता येईल. आणि पाणी भरायला घागर घेऊन निघालेली बाई ती फळ्यावर थांबून वाचील, तेव्हा तिला कोणा जाणकाराची गरज लागणार नाही.